मिसोलोंगीचं गुलाबी पाणी

काळेखारच्या माणसाला परदेश दाखवायचा तर आधी त्याची एक खोड मोडावी लागते, आणि ती खोड ब्रह्मदेवाच्या बापाला मोडता आलेली नाही. काहीही दाखवा, तो मान तिरकी करून म्हणणार, "हे तं आमच्याकडं हाय." ताजमहाल दाखवलात तर म्हणेल, पेणला गणपतीच्या कारखान्यात चला, याच्यापेक्षा पांढरं दाखवतो. धरमतरच्या खाडीकाठचं हे गाव. पूर्वी तिन्ही बाजूंनी मिठागरं होती, आता दोन बाजूंना गोदामं आणि ट्रेलरचे तळ आहेत. पैसा आला, दुमजली घरं आली, पण खोड काही गेली नाही.

हेमाली मढवी याच गावात जन्मली, म्हणजे तिला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. पण सात वर्षं मुंबईच्या एका पर्यटन कंपनीत राहून, झेंडा उंच धरून दुसऱ्यांच्या आयाबहिणींना युरोपभर फिरवलं, की माणूस आपल्या गावाबद्दल जरा जास्तच चांगलं बोलायला लागतो. तसंच तिचं झालं. "माझ्या गावचे लोक चोखंदळ आहेत, खरं ते ओळखतात," असं ती ऑफिसात सगळ्यांना सांगायची. शेवटी याच विश्वासावर तिनं नोकरी सोडली आणि स्वतःची पहिली सहल आखली. सप्टेंबर महिना, दहा दिवस, ग्रीसचा पश्चिम किनारा.

त्यासाठी वीस नावं हवी होती. एकोणीस चालणार नव्हती. सोमवारी सकाळी तिकडच्या हॉटेलवाल्याला होय की नाही ते कळवायचं होतं, आणि जुन्या साहेबांनीही तिची खुर्ची सोमवारपर्यंतच राखून ठेवली होती. म्हणजे फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता, गावदेवीच्या सभामंडपात जे काय होईल त्यावर सगळं होतं. जमलं तर स्वतःचा झेंडा, नाही तर पुन्हा साहेबांचा.

मंडप भरला. काळेखारात फुकट काही दाखवणार म्हटल्यावर मंडप भरतोच. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर, आणि पहिल्या रांगेत मधोमध गणराज. त्याचे अकरा ट्रेलर बंदराच्या रस्त्यावर धावतात. तो दोनदा दुबईला आणि एकदा बँकॉकला जाऊन आलाय, त्यामुळे परदेश या विषयावर गावात शेवटचा शब्द त्याचा. माणूस वाईट नाही. अडीअडचणीला आधी तोच धावतो. पण त्याच्या घरात मिठागराचा विषय काढलेला चालत नाही. त्याची आई नीराबाई तीस वर्षं मिठात राबली. तो मात्र लग्नाच्या पत्रिकेवर सुद्धा 'उद्योजक गणराज' असं छापून घेतो.

हेमालीनं पडद्यावर पहिलं चित्र टाकलं. समुद्रावरचा लांबलचक पूल, चार खांबांना तारांनी टांगलेला. "हा पूल ओलांडला की आपला किनारा सुरू होतो," ती म्हणाली.

"अटल सेतूपेक्षा मोठा हाय काय?" गणराजनं विचारलं.

नव्हता. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, तिनं तसं सांगितलं. मंडप समाधानानं हलला.

मग तिनं नाफपाक्तोस नावाचं बंदराचं गाव दाखवलं. डोंगरावरून उतरत समुद्रात शिरणारी तटबंदी, तिच्या कवेत एवढंसं बंदर आणि बंदराच्या तोंडाशी दोन बुरूज. साडेचारशे वर्षांपूर्वी याच नावाने एक मोठं आरमारी युद्ध झालं, शेकडो गलबतं एकमेकांवर चालून गेली, हे तिनं रंगवून सांगितलं. आता त्या बुरुजांखाली लोक कॉफी पितात आणि मुलं तटाच्या पायथ्याशी पोहतात, हेही सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच तिथल्या दुपारचा वारा लागल्यासारखं झालं.

"आगरदांड्याच्या जेट्टीवर उभं राह्यलं का जंजिरा फुकट दिसतो," पुढच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला.

तिनं खाडी दाखवली. मिसोलोंगी नावाच्या गावाची खाडी, उथळ, मैलोन् मैल पसरलेली, पाण्यात खांबांवर उभ्या लाकडी खोपी. कोळी त्यातच राहतात. "आपली धरमतर," मंडप म्हणाला. तिनं रोहित पक्ष्यांचा थवा दाखवला. "उरणला येतात," मंडप म्हणाला. तिनं तिथला सगळ्यात भारी पदार्थ दाखवला, बोय माशाची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, मिठात मुरवून, उन्हात सुकवून, मेणात बुडवलेली. राजेरजवाडे खायचे म्हणे.

"आमची म्हातारी रोज खाते," गणराज म्हणाला, आणि सगळे हसले. नीराबाई सुद्धा हसली.

आपण काय करून बसलो ते हेमालीला आता हळूहळू उमगत होतं. सगळ्या ग्रीसमधून तिनं नेमकं ते गाव निवडलं होतं जे काळेखारसारखं दिसतं. तिला ते गाव पाहिल्या पाहिल्या आवडलं होतं, का आवडलं ते तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. खाडीच्या पोरीला खाडीच आवडणार की. पण दहा तास विमानात बसून आपलंच अंगण बघायला कोण येतं?

तरी तिच्याकडं हुकमाचं पान होतं. ते तिनं आता टाकलं. पडद्यावर मिठाचा वाफा आला, आणि त्यातलं पाणी गुलाबी होतं. नुसतं गुलाबी नाही, पहाटेच्या आभाळासारखं गुलाबी, कडेला पांढरीशुभ्र मिठाची झालर. मंडप पुढं वाकून बघायला लागला. "हे मिसोलोंगीचं मिठागर," ती म्हणाली. "इथं मिठाचं छोटं संग्रहालय आहे. या पाण्याचे फोटो काढायला जगभरातून माणसं येतात."

गणराज उठून उभा राहिला. त्याच्या हातात पनवेलच्या एका कंपनीचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं, त्यावर पांढरी घरं आणि निळे घुमट. "हेमाली, तू आपली पोर हायेस म्हनून बोलतो, राग मानू नको. ग्रीस म्हंजे हे. पांढरी घरं, निळा दर्या. आनि तू आमाला काय दाखवनार? मिठागर? अगो, आमच्या आयांनी जनमभर मीठच उपसलं. पायाच्या भेगा अजून मिटल्या न्हाईत. त्यातनं बाहेर पडाया आमी रक्त आटवलं, आनि आता विमानात बसून परत मिठातच जायाचं? पिकतं तिथं विकत न्हाय, पोरी."

मंडप असा हसला की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. हेमालीही कसंनुसं हसली. पण तिचे डोळे भरून आले, कारण गणराज चुकीचं बोलला नव्हता. पनवेलचं पुस्तक हातोहात फिरायला लागलं.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून आवाज आला. "गो हेमाली, तो फोटू हलवू नको. तसाच ठेव."

सोनूबाई. हेमालीची सख्खी आत्या. सासर-माहेर एकाच गावात, दोन्हीकडं मिठागर. चाळीस वर्षं तिनं मीठ पिकवलं. चारचौघांत बोलणाऱ्यातली नव्हे. खांबाला टेकून बसली होती, पाय लुगड्याखाली ओढून. आता ती उठून चार पावलं पुढे आली आणि पडद्याकडं बारीक डोळ्यांनी बघत राहिली.

"यात चांगलं काय हाय?" ती म्हणाली. "पानी शिळं झालंय."

"आत्या!"

"शिळंच हाय. गुलाबी होतं, ते बरोबर हाय, पिकल्यावर पानी लाल होतंच. पन ह्याच्यावर तेलकट तवंग बघ. मीठ धरून झालं, आता हे पानी काढून टाकाया पायजे होतं. न्हाय काढलं. दोन दिवस, चार दिवस तसंच ठेवलंय. हे मीठ कडू येनार. गोनीत भरलं तरी ओलं राहनार. कुनी केलंय हे? इतकं चांगलं पीक, मातेरं केलं मेल्यांनी."

मंडपात पुन्हा हशा. "आत्ये, फोटूतलं मीठ चाखून पन बघ," कोणीतरी म्हणालं.

हेमालीला आत्याचा राग आला. खरंच आला. सगळे हसले ते हसले, आता घरच्याच माणसानं तिच्या एकुलत्या एका चांगल्या फोटोवर माती टाकली. "आत्या, ते पिढ्यान् पिढ्या मीठ काढतात," ती जरा तुटकपणे म्हणाली. "त्यांना नसेल का कळत?"

"मग इचार की त्यांना," सोनूबाई शांतपणे म्हणाली. "तुज्या फोनवर इकडची तिकडची तोंडं दिसतात ना?"

मंडप एकदम ताठ झाला. फुकटातली झुंज कोणाला नको असते? हेमालीनं घड्याळ बघितलं. तिकडं दुपारचे तीन वाजत असतील. थानासिस, मिठागरावरचा म्हातारा मुकादम, यानेच तिला तो वाफा दाखवला होता. त्यानं "काहीतरीच काय" म्हटलं की आत्याचंही हसं आणि आपलंही. पण हातात वही होती आणि वहीत एकही नाव नव्हतं. बुडत्याला आणखी किती भिजायची भीती? तिनं फोन लावला.

पडद्यावर थानासिसचं तोंड आलं, मंडपाएवढं मोठं. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, हातात कॉफीचा कप, मागं हिवाळ्यातली करडी खाडी. तो सगळ्यांना बघून आनंदानं हात हलवायला लागला. काळेखारनंही हात हलवला. हेमालीनं इंग्रजीत, मध्ये मध्ये तिच्या मोडक्या ग्रीकमध्ये विचारलं, की गेल्या सप्टेंबरात मी फोटो काढला तो गुलाबी वाफा आठवतो का, आणि इथं एक बाई म्हणतात की त्यातलं पाणी वेळेवर काढलं नव्हतं.

थानासिसचं हसू मावळलं. त्यानं कप खाली ठेवला. मग त्यानं एक प्रश्न विचारला आणि हेमालीनं तो मराठीत सांगितला.

"ते विचारतायत, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय?" सोनूबाई म्हणाली. "दिसतंय."

हेमालीनं ते सांगितलं. मग थानासिस बोलत गेला आणि ती वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेली, आणि आणता आणता तिचाच आवाज बदलत गेला. "ते म्हणतात, पाणी सोडायचा दरवाजा गाळानं अडला होता. चार दिवस उघडला नाही. मीठ कडू झालं, ते सगळं फेकून दिलं. हे त्यांनी मालकाशिवाय कोणालाच सांगितलं नाही. पाहुण्यांना रंग आवडतो म्हणून मला तोच वाफा दाखवला. म्हणतात, त्या दिवसाची मला अजून लाज वाटते."

पनवेलचं पुस्तक कोणाच्या तरी मांडीवर उघडंच राहिलं. ही माझी आत्या, हेमालीच्या मनात आलं, आणि मी सात वर्षं लोकांना इतरांची कौतुकं सांगत हिंडले.

"लाज कसली त्यात?" सोनूबाई पडद्याकडं बघून थेट त्यालाच म्हणाली, मराठीतच, मोठ्यानं, लांबच्या माणसाशी बोलतात तसं. "माजं पन गेलंय एका साली, आख्खं पीक. दरवाज्याच्या तोंडाशी तिरकी फळी टाक. भरतीचा गाळ फळीवर अडतो, तो सकाळी फावड्यानं ओढून काढायचा. दरवाजा कदी अडनार न्हाय." आणि तिनं हातानं फळीचा कोन करून दाखवला. हेमालीला भाषांतर करायची गरजच पडली नाही. थानासिसनं तिकडं कागद ओढला, रेघा मारल्या आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. सोनूबाईनं मान हलवली, आणखी तिरकी, असं हातानं दाखवलं. त्यानं खोडून पुन्हा काढली. "हां! व्हय!" ती म्हणाली.

मग तो म्हातारा उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"ते विचारतायत तुम्ही कोण लोक, कुठले," हेमाली म्हणाली. "म्हणतात, आमच्या गावी जो येतो त्याला मी आधी मीठ दाखवतो आणि मग वेशीचा दरवाजा. कारण दोनशे वर्षांपूर्वी तुर्की सुलतानाच्या फौजेनं गावाला वेढा घातला, तेव्हा आमच्याकडं राजे नव्हते, महाल नव्हते. मासे धरणारे आणि मीठ काढणारे होते. त्यांनी एवढ्या मोठ्या फौजेला वर्षभर अडवून धरलं. धान्य संपलं तेव्हा खाडीतलं शेवाळ उकडून खाल्लं. तेही संपलं, पण शरण गेले नाहीत. एका रात्री दरवाजे उघडून बायकापोरांसकट सगळे बाहेर पडले, समोर तलवारी असताना. हजारो निघाले, थोडे वाचले. त्यातल्या एका वाचलेल्याच्या वंशात मी. दरवर्षी त्या दिवशी आख्खं गाव जुने कपडे घालून त्या दरवाज्यातून चालत जातं. सगळा देश आमच्या गावाला पवित्र नगरी म्हणतो."

सोनूबाईनं पदर सावरला.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आमी आगरी. मिठाच्या आगरात राबनारे. राजे आमच्याकडं पन नव्हते. त्याला चरीचा संप सांग. खोतांच्या जाचाला कंटाळून पंचवीस गावांनी जमीन नांगरायची बंद केली. एक साल न्हाय, सहा-सात सालं. माजा आजा त्यात होता. घरात दाना नव्हता. डोंगरात लाकडं तोडली, खाडीत मासे धरले, करवंदं खाल्ली, पन खोताच्या रानात पाय टाकला न्हाय. शेवटी कायदा बदलाया लागला त्यांना. सांग त्याला. नीट सांग, एक शब्द पन गाळू नको."

हेमालीनं एक शब्दही गाळला नाही. पुढच्या रांगेतले म्हातारे, मघाशी जंजिरा फुकट दिसतो म्हणणारे, आता छाती पुढं काढून बसले होते. थानासिस ऐकत होता आणि पुन्हा पुन्हा मान डोलवत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मग तुम्हाला आमच्या वेशीचा दरवाजा मी स्वतः दाखवीन. आणि ती फळी त्या बाईंनी येऊन बसवून द्यावी. माझा तिरका कोन मला खात्रीचा वाटत नाही."

फोन बंद झाला. पडद्यावर पुन्हा तो गुलाबी वाफा आला, पण आता त्याच्याकडं कोणी फोटो म्हणून बघत नव्हतं.

"कवा जायाचं म्हनालीस?" सोनूबाईनं विचारलं.

"सप्टेंबरात."

"गणपती झाल्यावर?"

"झाल्यावर."

"मग लिही माजं नाव."

हेमालीनं वही बाजूला सारून सहलीचे छापील अर्ज काढले. नाव, वय, पत्ता भराभर लिहिलं. पुढे व्यवसाय असा रकाना होता. सवयीनं तिनं 'गृहिणी' लिहिलं.

"काय लिवलंस तितं?" सोनूबाईनं विचारलं. हेमालीनं सांगितलं.

"खोड ते," आत्या म्हणाली. "घर तं समद्या बाया सांभाळतात. त्या बाबानं टोपी काडली ती घर सांभाळलं म्हनून न्हाय. लिही, मीठ पिकवते."

हेमालीनं खोडलं आणि लिहिलं. लिहिताना डोळ्यातलं पाणी कागदावर पडू नये म्हणून तिला मान मागं घ्यावी लागली. तोवर मागच्या सतरंजीवरच्या बायका उठल्या होत्या. रंगू आली, केसर आली, मग रांगच लागली. कोणाचं नाव, कोणाचं वय, कोणाला वयच माहीत नाही. पण चौथा रकाना सगळ्या जणी एकाच आवाजात सांगत होत्या. पुरुषही उठले. अठरा अर्ज झाले. मग रांग संपली.

अठरा. हेमालीनं मंडपभर नजर फिरवली. पहिल्या रांगेत गणराज तसाच बसला होता, मान खाली घालून. सगळा गाव त्याच्याकडं बघत होता आणि त्याला ते कळत होतं. मग तो उठला, हेमालीच्या टेबलापाशी आला, आणि दोन अर्ज घेऊन नीराबाईजवळ सतरंजीवर जाऊन बसला. स्वतःचा भरला. मग आईचा भरायला घेतला. नीराबाईला अक्षर येत नाही.

"वाच काय लिवलंस ते," ती म्हणाली.

"नाव नीराबाई. वय एकाहत्तर. राहनार काळेखार." तो थांबला. "व्यवसाय, काई न्हाय."

नीराबाईनं नुसतं लेकाकडं बघितलं. एवढा अकरा ट्रेलरांचा मालक, पण त्याला ते बघणं सोसेना. त्यानं मान वळवली, खिशातून पुन्हा पेन काढलं, 'काही नाही' वर जाड रेघ मारली आणि सावकाश, शाळेतल्या पोरासारखी अक्षरं काढत नवीन लिहिलं.

"आता वाच," नीराबाई म्हणाली.

"मीठ पिकवते," तो पुटपुटला.

"जोरात वाच," ती म्हणाली. "मागं ऐकू गेलं न्हाय."